दोन मिलिमीटरचा हिशेब

(पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण हा पुण्याजवळचा मोठा औद्योगिक पट्टा आहे. येथे मोटारी तयार होतात, तशाच त्या दुरुस्तही होतात. मोटार धावण्यासाठी इंजिन लागते. परंतु ती वेळेवर थांबली नाही, तर इंजिनाचा काय उपयोग? भोसरीच्या एका छोट्या गॅरेजमध्ये सुट्टी घालवलेल्या मुलाने आपला अनुभव या पाठात सांगितला आहे.)

मे महिन्याच्या सुट्टीत मी भोसरीला मामूंकडे गेलो होतो. पुणे-नाशिक रस्त्याच्या आतल्या गल्लीत मामूंचे मोटार दुरुस्तीचे गॅरेज आहे. आजूबाजूला सगळीकडे कारखाने. कुठे लेथ फिरते, कुठे प्रेसचा धाडधाड आवाज येतो. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे शेतीच्या या गावांचे रूप पालटले. १९९८ साली इंडिका ही छोटी मोटार याच पट्ट्यातल्या टाटांच्या कारखान्यातून बाहेर पडली. २००९ साली चाकणला परदेशी मोटारींचे मोठे कारखाने सुरू झाले. मामू म्हणतात, "इथल्या माणसाला पाना धरायला शिकवावे लागत नाही. तो पाना घेऊनच जन्माला येतो."

मला मात्र पाना धरायला शिकावे लागले. पहिले आठ दिवस मी फक्त हत्यारे पुसून जागेवर ठेवत होतो.

एके दिवशी सकाळी एक छोटी मोटार दारात येऊन थांबली. ती थांबताना 'खर्रऽऽ' असा आवाज आला. मामूंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. गाडीतून एक वयस्कर काका उतरले. भोसरीच्याच एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षे टर्नर म्हणून काम केले होते.

"उस्ताद, जरा बघ. ब्रेक लावला की आवाज करते," काका म्हणाले.

"कधीपासून, काका?"

"आधी नुसता 'ची ची' असा बारीक आवाज यायचा. झाले असतील दोन महिने. हा खरखराट आठवड्यापासूनचा. परवा पनवेलला जायचे आहे, नातीच्या बारशाला. तेवढे पॅड बदलून दे."

मामू हसले नाहीत. ते म्हणाले, "तो बारीक आवाज म्हणजे पॅडने मारलेली हाक होती. काही पॅडांना पत्र्याची छोटी जीभ लावलेली असते. पॅड झिजत आला, की ती जीभ डिस्कला घासते आणि वाजते. तुम्ही त्या हाकेकडे कानाडोळा केलात."

मामूंनी गाडी सपाट फरशीवर घेतली. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. गाडी बंद करून चावी स्वतःच्या खिशात टाकली. चाक जमिनीवर असतानाच त्यांनी त्याचे नट थोडे सैल केले. मग जॅकने गाडी उचलली आणि खाली भक्कम लोखंडी स्टँड लावला. मला ते म्हणाले, "बेटा, नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे."

चाक निघाले आणि आतली ताटासारखी चकचकीत डिस्क दिसली. सायकलचा ब्रेक आपण पाहिलेला असतो. दांडी दाबली, की रबराचे दोन तुकडे चाकाची कड दोन्ही बाजूंनी पकडतात. मोटारीच्या डिस्क ब्रेकचे कामही तसेच चालते. चाकाबरोबर बिडाची डिस्क फिरत असते. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो. पॅडांना धरून ठेवणाऱ्या भागाला कॅलिपर म्हणतात. आपण पेडल दाबतो, तेव्हा नळीतल्या ब्रेक ऑइलवर दाब पडतो. तो दाब कॅलिपरमधल्या पिस्टनपर्यंत पोहोचतो आणि पॅड डिस्कला चिमटीत धरतात. पुष्कळशा छोट्या मोटारींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबवण्याचे अधिक काम पुढच्या ब्रेकनाच करावे लागते.

मामूंनी पॅड काढले. बाहेरच्या पॅडवर घर्षणाचा थर तीन मिलिमीटर उरला होता. आतल्या पॅडवर मात्र थर जवळजवळ नव्हताच. त्याची लोखंडी पट्टी डिस्कला घासत होती. नव्या पॅडवर हा थर साधारण दहा मिलिमीटर असतो. डिस्कवर आतल्या बाजूला ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या खाचा पडल्या होत्या.

"काका, पॅड तर बदलायचेच, पण डिस्कही बदलाव्या लागतील. दोन्ही बाजूंच्या," मामू म्हणाले.

काकांचा चेहरा बदलला. "दोन डिस्क? अरे, बिडाचा तर तुकडा आहे हा! तीस वर्षे मी हेच केले. लेथवर लाव, दोन्ही बाजूंनी पाव पाव मिलिमीटर खरवड, खाचा साफ! फुकटचा खर्च कशाला?"

गॅरेजमध्ये शांतता पसरली. मला वाटले, आता भांडण होणार. मामूंनी काही उत्तर दिले नाही. त्यांनी डिस्क काढून काकांसमोर ठेवली. फडक्याने तिची कड पुसली. तिथे बारीक अक्षरांत जाडीची किमान मर्यादा कोरलेली होती : १० मिलिमीटर. नवी डिस्क १२ मिलिमीटरची होती. म्हणजे डिस्कचे सगळे आयुष्य या दोन मिलिमीटरांत होते.

मामूंनी पेटीतून मायक्रोमीटर काढला आणि काकांच्या हातात दिला. "तुम्ही मोजा. माझ्यापेक्षा तुमचा हात पक्का आहे."

काकांनी चष्मा चढवला. त्यांनी आठ ठिकाणी जाडी मोजली. प्रत्येक आकडा मला पाटीवर लिहायला सांगितला. सर्वांत जास्त जाडी १०.३ भरली आणि सर्वांत कमी १०.१. काका बराच वेळ पाटीकडे पाहत राहिले.

"१०.१ मधून अर्धा मिलिमीटर गेला, तर किती उरले, बाळ?" त्यांनी मला विचारले.

"९.६," मी म्हणालो.

"कारखान्यात असा नग माझ्यापुढे आला असता, तर मी तो भंगारात टाकला असता," काका हळूच म्हणाले. "पण उस्ताद, अर्ध्या मिलिमीटरने असे काय बिघडते?"

मामूंनी समजावून सांगितले, "ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करत नाही. तो वेगाची उष्णता करतो. ती उष्णता आधी डिस्कने पोटात घ्यायची आणि मग हवेला द्यायची. डिस्क पातळ झाली, की तेवढ्याच उष्णतेने ती अधिक तापते. ती वाकते, कधी तडकतेही. शिवाय पातळ डिस्क आणि झिजलेले पॅड यांच्यामुळे पिस्टनला फार बाहेर यावे लागते. आणि तुम्हांला तर परवा बोरघाट उतरायचा आहे."

मी शाळेत गतिज ऊर्जेचा धडा शिकलो होतो. मी पाटीवर हिशेब मांडला. एक हजार किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिला थांबवताना सुमारे १३९ किलोज्यूल उष्णता तयार होते. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे ३३ अंश सेल्सिअसने वाढेल. वेग निम्मा, म्हणजे ताशी ३० किलोमीटर असेल, तर उष्णता निम्मी नव्हे, एक चतुर्थांश होते. वेग दुप्पट झाला, की ब्रेकचे काम चौपट होते.

घाटाचा हिशेब तर याहून मोठा निघाला. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी ५०० मीटरांहून अधिक खाली येते. हे सगळे काम एकट्या ब्रेकवर टाकले, तर ५०० मीटर उतरताना होणाऱ्या उष्णतेने सुमारे १४ लिटर पाणी उकळू शकेल.

"म्हणून घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची," मामू म्हणाले. "इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. सारखा पेडलवर पाय ठेवून उतरणारा माणूस स्वतःच ब्रेक संपवतो. आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवणारा तर जीव धोक्यात घालतो."

काकांनी मायक्रोमीटर पुसून पेटीत ठेवला. "बदल दोन्ही," ते म्हणाले.

पण मामू लगेच नवे सामान बसवायला धावले नाहीत. "आधी हे सांग," ते मला म्हणाले, "आतला पॅडच जास्त का झिजला?" मला उत्तर येईना. त्यांनी कॅलिपरच्या दोन सरकपिना दाखवल्या. एक पिन गंजून अडकली होती. त्यामुळे कॅलिपर नीट सरकत नव्हता आणि पेडल सोडले तरी आतला पॅड डिस्कला घासत राहत होता. "हे कारण तसेच ठेवून नवे पॅड बसवले असते, तर तेही लवकरच संपले असते. रोग बरा करायचा. नुसता ताप उतरवायचा नाही."

त्यांनी पिना साफ केल्या आणि उष्णता सहन करणारे खास ग्रीस लावले. कॅलिपर काढला, तेव्हा तो नळीवर लोंबू न देता तारेने वर बांधून ठेवला. ब्रेकची धूळ त्यांनी हवेने उडवली नाही. तोंडाला मुखपट्टी बांधून ती ओल्या फडक्याने पुसली. पूर्वीच्या पॅडांत ॲस्बेस्टॉस वापरत असत. त्याचे बारीक तंतू श्वासाबरोबर गेले, तर फुप्फुसांचे गंभीर आजार होतात. धूळ कोणतीही असो, ती छातीत जाऊ द्यायची नाही, असा मामूंचा नियम आहे.

डिस्क जिथे बसते, त्या हबवरचा गंज त्यांनी तारेच्या ब्रशने खरवडून काढला. "इथे गंजाचा कण राहिला, तर डिस्क किंचित वाकडी बसते आणि पेडल थरथरते." नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला होता. तोही पुसून काढला. पॅडला किंवा डिस्कला तेलाचा, ग्रीसचा हात लागू द्यायचा नाही, हे मला तीनदा बजावले.

आता पिस्टन मागे ढकलायचा होता. नवे पॅड जाड असतात. त्यांना जागा हवी. पिस्टन मागे गेला, की ब्रेक ऑइल वरच्या डब्यात चढते. ते सांडू नये म्हणून मामूंनी झाकण उघडून थोडे ऑइल काढून घेतले. हे ऑइल रंगावर सांडले, तर रंग खराब होतो. ते हवेतला ओलावाही शोषून घेते. डॉट ४ प्रकारचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण त्यात पाणी मुरले, की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. नळीत वाफ झाली, तर पेडल स्पंजासारखे दबते आणि ब्रेक लागत नाही. काकांच्या गाडीतले ऑइल काळपट झाले होते. मामूंनी ते बदलले आणि नळीतली हवा काढली.

मग त्यांनी एका बाजूचे काम माझ्याकडून करून घेतले. ते प्रत्येक बोल्टजवळ उभे होते. पॅड बसवले, कॅलिपर वर आणला, बोल्ट ठरलेल्या जोराने आवळले. चाकाचे नट आलटून पालटून, समोरासमोरचे, असे कसले. गाडी खाली आली. मी घाम पुसला. मला फार अभिमान वाटला.

"झाले, मामू! द्या काकांना चावी," मी म्हणालो.

मामूंनी चावी दिली नाही. "झाले? मग बस आत आणि पेडल दाब."

मी चालकाच्या जागेवर बसलो. पेडल दाबले. पाय थेट तळाला टेकला! माझ्या पोटात गोळा आला. ब्रेक नव्हताच!

"पुन्हा दाब," मामू शांतपणे म्हणाले. दुसऱ्यांदा पेडल थोडे वर थांबले. तिसऱ्यांदा आणखी वर. पाचव्यांदा ते दगडासारखे घट्ट झाले.

"पिस्टन आपण मागे ढकलले होते. ते पॅडांपर्यंत येण्यासाठी आधी चार-पाच वेळा पेडल दाबावे लागते. सकाळी मी तुला हे सांगितले होते. तू विसरलास. काकांनी तशीच गाडी काढली असती, तर समोर रस्ता आहे, पलीकडे मुले खेळत आहेत." थोडे थांबून ते म्हणाले, "चावी खिशात ठेवणे, हाही एक ब्रेकच आहे."

मी मान खाली घातली. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "लाज वाटली, हे चांगले झाले, बाळ. मलाही आज सकाळी वाटली."

मामूंनी ऑइलची पातळी पाहिली आणि काकांना शेजारी बसवून मोशीच्या दिशेने फेरी मारली. मोकळा रस्ता पाहून, मध्यम वेगावरून त्यांनी वीस-पंचवीस वेळा हलकेच ब्रेक लावला आणि मधे मधे तो थंड होऊ दिला. अशाने नवे पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना सरावतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर एकदम जोरात ब्रेक लावण्याची वेळ येऊ देऊ नका, असे त्यांनी काकांना सांगितले.

चार दिवसांनी काका बारशाचे पेढे घेऊन आले. "पूर्ण घाट खालच्या गिअरमध्ये उतरलो," ते म्हणाले. "मागून भोंगे वाजत होते. वाजू दिले!"

सुट्टी संपली. शाळेच्या पहिल्या दिवशी मी आमच्या व्हॅनमध्ये बसलो. चौकात व्हॅन थांबली, तेव्हा बारीक आवाज आला, 'ची ची'. हा आवाज मी गेल्या वर्षीही ऐकला होता. पण तेव्हा मला त्याचा अर्थ कळत नव्हता. व्हॅनमध्ये आम्ही अकरा मुले होतो. मी पुढे वाकून म्हणालो, "चाचा, रागावू नका. पण आज संध्याकाळी पुढचे चाक उघडून पॅड पाहून घ्याल का?"

शब्दार्थ

कानाडोळा करणे – दुर्लक्ष करणे
बीड – साच्यात ओतून घडवलेले लोखंड
घर्षण – घासण्याची क्रिया
किमान – कमीत कमी
खरवडणे – वरचा थर कापून किंवा घासून काढणे
नग – एक वस्तू
बारसे – बाळाचे नाव ठेवण्याचा समारंभ
पोटात गोळा येणे – खूप भीती वाटणे
बजावणे – निक्षून सांगणे

टिपा

बोरघाट : पुणे-मुंबई मार्गावरील खंडाळ्याचा घाट.
डिस्क ब्रेक : इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली मोटारीच्या डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सची शर्यत डिस्क ब्रेक असलेल्या जग्वार मोटारीने जिंकली. त्यानंतर या ब्रेकचा प्रसार वाढला.
पास्कल : १७ व्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा त्यांचा नियम ब्रेकच्या नळीत उपयोगी पडतो.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) काकांनी कारखान्यात कोणते काम केले होते?
(२) डिस्कच्या कडेवर काय कोरलेले होते?
(३) आतला पॅड जास्त का झिजला होता?
(४) मामूंनी चावी कोठे ठेवली होती?

प्र. २. कारणे द्या.
(१) जॅकने उचललेल्या गाडीखाली मामूंनी लोखंडी स्टँड लावला.
(२) काकांनी दोन्ही डिस्क बदलायला होकार दिला.
(३) घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी.
(४) मामूंनी ब्रेकची धूळ हवेने उडवली नाही.

प्र. ३. पुढील कामे योग्य क्रमाने लिहा.
(अ) पेडल चार-पाच वेळा दाबणे. (आ) चाकाचे नट थोडे सैल करणे. (इ) पिस्टन मागे ढकलणे. (ई) गाडी जॅकने उचलणे. (उ) नवे पॅड बसवणे. (ऊ) जुने पॅड काढणे.

प्र. ४. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) 'चावी खिशात ठेवणे, हाही एक ब्रेकच आहे,' असे मामू का म्हणाले?
(२) मामूंनी काकांशी वाद न घालता त्यांची खात्री कशी पटवली?
(३) व्हॅनमध्ये मुलगा गप्प राहिला असता, तर काय झाले असते, असे तुम्हांला वाटते?

भाषाभ्यास

(अ) कारखाना, हिशेब, खराब, तयार, हुशार, जबाबदारी हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. काहींचा उच्चार थोडा बदलतो. उर्दूतला 'उस्ताद' मराठीत 'वस्ताद'ही होतो. असे आणखी पाच शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
(आ) भविष्यकाळात लिहा : (१) मामूंनी पॅड काढले. (२) काका पेढे घेऊन आले. (३) मी पाटीवर हिशेब मांडला.
(इ) वाक्यात उपयोग करा : कानाडोळा करणे, मान खाली घालणे, रूप पालटणे.

उपक्रम

तुमच्या वस्तीतील एखाद्या कारागिराला भेटा. ते काम करताना कोणती काळजी घेतात, ते विचारा आणि दहा ओळींत लिहा. मोटारीच्या ब्रेकचे काम प्रशिक्षित माणसाशिवाय कधीही करू नका.